ओला साप

हिंमतरावाने खताच्या पिशवीची गाठ दातांनी सोडली आणि पिशवी दवाखान्याच्या फरशीवर उपडी केली. दोन हात लांबीचा मेलेला साप बाहेर पडला. डोकं पार ठेचलेलं होतं. खाटेजवळच्या स्टुलावर बसलेल्या अनसूयाने पाय वर घेतले, आणि खाटेवरच्या शिवशंकरने, तिच्या नवऱ्याने, उशीवरून मान उचलून खाली पाहिलं.

"हाच चावला का?" डॉक्टर शंतनूने विचारलं.

"व्हय. ह्योच," हिंमतराव म्हणाला.

"तुम्ही पाहिला होता?" डॉक्टरांनी शिवशंकरला विचारलं.

"न्हाय जी. सोयाबीनच्या गंजीखाली हात घातला, पेंढी वडायला. टोचल्यागत झालं. शेपटाचं टोक तेवढं दिसलं, का न्हाय दिसलं कुनास ठाऊक. मला तर काटा वाटला."

त्याचा उजवा हात मनगटापर्यंत सुजला होता. तर्जनीच्या बुडाशी दोन बारीक खुणा होत्या. जीपमध्ये बसल्यापासून तो हात त्याने छातीशी धरला होता, आणि दुखतंय का म्हणून विचारलं की प्रत्येक वेळी थोडं थोडं म्हणत होता.

ड्रेसिंगचं काम करणारा सिदू कोपऱ्यातला झाडू घेऊन आला. दवाखान्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि आजवर सहा डॉक्टर शिकवून बदलीवर पाठवले असं तो ज्याला त्याला सांगायचा. झाडूच्या दांड्याने त्याने साप उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"डॉक्टर, ही तर दिवड. पान्यातली. चावती लई, पर विषारी न्हाय."

खोलीत सगळ्यांचा श्वास एकदम मोकळा झाला. शिवशंकर तर हसायलाच लागला.

"बघ, म्या म्हनलं न्हवतं? साप साप म्हनून भुई धोपटायलेत समदे. चल अनसे, घराकडं. गंज झाकायची ऱ्हायलीय."

"बसा थोडं," शंतनू म्हणाला. तो इथे येऊन चारच महिने झाले होते, आणि सिदूचं ऐकावं की पुस्तकाचं, हे त्याचं अजून ठरायचं होतं. "विषावरची लस उगीच देत नाही आपण. घोड्याच्या रक्तापासून करतात ती. कधी कधी अंगावर उलटते, दम लागतो, रक्तदाब उतरतो. गरज नसेल तर न दिलेली बरी."

"द्याच सुई, डॉक्टर," हिंमतराव एकदम म्हणाला. "इखारी हाय त्यो. सिदूला काय कळतंय."

अनसूयाने त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी बांध कोरण्यावरून दोन्ही घरांत वाजलं होतं. हिंमतरावाचा नांगर दरवर्षी दोन ओळी अलीकडे येतो असं शिवशंकरचं म्हणणं, आणि बांधावरची बाभूळ शिवशंकरने चोरून तोडली असं हिंमतरावाचं. मोजणी आली, झेंड्या रोवल्या, मोजणी गेली, झेंड्या कुणी तरी उपटल्या. त्यानंतर दोन्ही घरं एकमेकांच्या सावलीलाही उभी राहिली नाहीत. त्याआधी अनसूया या माणसाला दादा म्हणायची, आणि त्याची बायको कौसल्या आणि ती एकाच पाटीत मूग तोडायच्या. आता ती त्याला नावानेसुद्धा बोलवत नव्हती. 'त्यो' म्हटलं की घरात सगळ्यांना कळायचं.

आणि आज हाच माणूस आपली मोटारसायकल हाणत जीपच्या मागोमाग साप घेऊन येतो, आणि वर सुई द्या म्हणतो. अनसूयाच्या मनात पाल चुकचुकली.

तिने फरशीकडे पाहिलं. सापाभोवती पाणी साचलं होतं. पिशवीच्या तोंडातून अजून थेंब गळत होते, आणि सापाच्या पोटाला शेवाळाचा एक हिरवा धागा चिकटला होता. गेल्या तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नव्हता. सोयाबीनच्या शेंगा उन्हाने आपोआप फुटत होत्या, म्हणून तर कापणीची घाई. त्या गंजीखालचा साप ओला कसा असेल?

"डॉक्टर," ती म्हणाली, "ह्यो साप आमच्या रानातला न्हाय."

हिंमतरावाने पिशवीची घडी घालायला घेतली.

"त्याच्या हिरीत असल्या दिवडी लोळत्यात. गाव बगतंय. तिथनं काडून आनलाय त्यानं. आन् वर सुई द्या म्हनतोय. तुमी आत्ता म्हनलात, सुई अंगावर उलटती म्हनून." ती उभी राहिली. "ह्यांना काटा टोचला असंल न्हाय तर उंदीर चावला असंल. सुई देयाची न्हाय. म्या सही करनार न्हाय."

"साप कुठे मारलात?" शंतनूने विचारलं.

"गंजीखाली," हिंमतराव फरशीला म्हणाला.

खोटं बोलणाऱ्या माणसाला खोटं बोलता येत नसलं की फार वाईट दिसतं. सिदूनेसुद्धा मान फिरवली.

"ठीक आहे," शंतनू म्हणाला. "सापाचं राहू द्या. रक्तालाच विचारू."

लॅबमधली रुबिना आली. तिने शिवशंकरच्या डाव्या दंडाला पट्टी आवळली, थोडं रक्त काढलं आणि काचेच्या नळीत सोडून नळी लाकडी स्टँडमध्ये उभी केली. मग मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावला.

"आता हिला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "टेबलाला धक्कासुद्धा नको. मावशी, दही लावता ना घरी? विरजण घातल्यावर भांडं हलवता का?"

"न्हाय."

"तसंच हे. चांगलं रक्त वीस मिनिटांत दह्यासारखं लागतं. घोणस, फुरसं असलं काही चावलं असेल तर लागत नाही. त्यांचं विष रक्ताला आतल्या आत उगीच बारीक बारीक गोठवत सुटतं, आणि त्यातच सगळं विरजण संपून जातं. मग नळीत पातळच राहतं. अंगातही पातळच. कुठूनही वाहायला लागतं."

अनसूया नळीकडे बघत बसली. बाहेर कुर्डुवाडीच्या एसटीने हॉर्न दिला. शिवशंकरने दोनदा पाणी मागितलं आणि एकदा गंजीवर ताडपत्री कोण टाकणार ते विचारलं. हिंमतराव दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो आतही येत नव्हता आणि जातही नव्हता. जा म्हणून सांगावं असं अनसूयाला चार वेळा वाटलं, पण बोलायचं म्हणजे त्याच्याशी बोलणं आलं.

गजर वाजला. रुबिनाने नळी उचलून हळूच आडवी केली. रक्त काचेवरून पाण्यासारखं घरंगळत गेलं.

शंतनूने नळी स्वतःच्या हातात घेतली आणि पुन्हा वाकडी केली. मग तो सापाकडे बघत राहिला. साप एक सांगत होता आणि रक्त दुसरंच.

"लस काढा," तो म्हणाला. "मावशी, इथे सही करा."

"नळी बराबर हाय कशावरनं?" अनसूया म्हणाली.

"काय?"

"नळी. तिच्यात काय असंल तर? आमी दह्याच्या भांड्याला साबन ऱ्हायला तरी दही नासतंय."

शंतनू तिला काही तरी समजावून सांगणार होता, पण रुबिनाचा चेहरा बघून थांबला.

"सर, त्यांचं बरोबर आहे," रुबिना हळू आवाजात म्हणाली. "साबणाने धुतलेली नळी असली तर चांगलं रक्तही गोठत नाही. मी नव्या पाकिटातूनच घेतली. पण पाकीट फोडलेलं होतं."

सगळ्यांनी सिदूकडे पाहिलं.

"मागच्या आठवड्यात घासल्या व्हत्या म्या, धा-बारा," सिदू म्हणाला. "लख्ख केल्या. सोड्याच्या पान्यात. मग त्याच पाकिटात ठिवल्या, वाया जाऊ नयेत म्हनून." तो शेवटी शेवटी अगदी बारीक आवाजात बोलत होता. तीस वर्षांत नळी घाण म्हणून त्याने बोलणी खाल्ली होती, स्वच्छ म्हणून कधीच नाही.

शंतनूने कपाळ पुसलं. "नवीन पाकीट फोडा. माझ्यासमोर. आणि शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त ठेवा, म्हणजे नळीवर शंका नको. लसही भरून तयार ठेवा."

"माझं घ्या," हिंमतराव म्हणाला. तो चौकट सोडून आत आला होता आणि सदऱ्याची बाही दंडापर्यंत सारली होती.

"ह्याचं नको," अनसूया म्हणाली.

"मावशी, रक्त कुणाचंही चालतं."

"कुनाचंबी चालतंय, पर ह्याचं नको. ह्याच्यावर माजा इस्वास न्हाय. माजं घ्या."

हिंमतरावाने बाही खाली ओढली. गुंडी लावताना त्याला ती सापडेना, मग तशीच सोडून तो पुन्हा चौकटीला जाऊन टेकला.

स्टँडमध्ये आता दोन नळ्या उभ्या राहिल्या, नवऱ्याची आणि बायकोची. रुबिनाने नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. अनसूया स्टुलावर बसली. पहिल्या दहा मिनिटांत तिला आपण फार हुशारीने वागलो असं वाटत होतं. मग तिचं लक्ष नवऱ्याच्या डाव्या हाताकडे गेलं. मघाशी सुई टोचली होती तिथला कापूस लाल झाला होता. रुबिनाने दुसरा लावला. थोड्या वेळाने तोही लाल झाला. आपल्या हातावरचा कापूस अनसूयाने उचलून पाहिला. त्यावर एक सुकलेला ठिपका होता.

"अनसे," शिवशंकर म्हणाला, "तोंडात खारट लागायलंय."

त्याने टॉवेलने ओठ पुसले. टॉवेलवर लाल ओघळ उमटला. हिरड्यांतून रक्त येत होतं. आता तो गंजीबद्दल काही बोलला नाही. तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याला भीती वाटतेय हे तिला लग्नानंतर पहिल्यांदा दिसलं.

"मी आणखी थांबणार नाही," शंतनू म्हणाला. त्याच वेळी गजर वाजला.

रुबिनाने आधी अनसूयाची नळी आडवी केली. रक्त जागचं हललं नाही, घट्ट लागलं होतं. मग तिने शिवशंकरची आडवी केली. ते वाहिलं.

अनसूयाने सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की तिचं तिला वाचता आलं नसतं. लसीच्या दहा बाटल्या सलाइनमध्ये गेल्या. शंतनू खाटेशी उभा राहून नाडी बघत होता, मध्येच घड्याळ बघत होता. अर्ध्या तासाने शिवशंकरच्या अंगावर गांधी उठल्या, थंडी भरली. शंतनूने लस थांबवली, एक इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू केली. अनसूयाने त्या सगळ्या वेळात तुळजापूरच्या आईला इतकं काही कबूल केलं की फेडायला दोन जन्म पुरले नसते.

"घोणस असावी," नंतर शंतनू तिला म्हणाला. "लस एकच असते, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही सापांवर चालते. साप कुठला ते कळायचीही गरज नसते. सहा तासांनी रक्त पुन्हा बघू. तोवर काही सांगता येत नाही. वीस मिनिटं गेली आपली, पण गेली ती गेली."

वीस मिनिटं कुणामुळे गेली ते तो बोलला नाही. तेच तिला जास्त लागलं.

मग तिला चौकट रिकामी दिसली. चोराच्या मनात चांदणं, ती मनात म्हणाली, आणि पदर खोचून बाहेर निघाली. नवरा खाटेवर पडलेला असताना खोटा साप आणणाऱ्या माणसाला चार शब्द सुनावल्याशिवाय ती राहणार नव्हती. निम्मा राग स्वतःवरचाच होता, पण तो टाकायला दुसऱ्या कुणाचं तरी डोकं हवं होतं.

फाटकाबाहेर जीपवाला फिरोज चहा पीत उभा होता.

"कसं हाय काकांचं?" त्याने विचारलं.

"सुई दिली. त्यो कुठं गेला?"

"हिंमतकाका? ते काय तिथं, पाटीपशी. सकाळी फोन त्यांनीच केला मला. म्हनले, आसंल तसा ये, पायात चप्पल घालू नगं. मला वाटलं त्यांच्याच घरात काय तरी झालंय."

आपण ओरडलो तेव्हा बांधापलीकडून धावत कोण आलं, नवऱ्याला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत कुणी नेलं, हे अनसूयाला सकाळपासून आठवलंच नव्हतं.

हिंमतराव भिंतीवरच्या पाटीसमोर उभा होता. एकेका अक्षराखाली बोट सरकवत ओठातल्या ओठात वाचत होता. साप चावल्यास साप शोधण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका. साप दवाखान्यात आणू नका. रुग्णाला ताबडतोब आणा. शेवटपर्यंत पोचला की बोट पुन्हा पहिल्या ओळीवर जात होतं.

"हिरीतनं काडलात न्हवं त्यो?" ती म्हणाली.

"व्हय." त्याने मागे पाहिलं नाही. "माज्याच हिरीतनं. तुमच्या न्हाय."

"कशापायी?"

"साप बगितल्याबिगर सुई देत न्हाईत, म्हनून."

"कुनी सांगितलं आसलं?"

बोट पाटीवर थांबलं.

"कौसीच्या टायमाला सांगितलं. त्या तिकडच्या दवाखान्यात. साप कंचा, म्हनले. म्या म्हनलं, बगितला न्हाय. तर म्हनले, आदी बगून या, मारून आना, मग बगू. तिला बाकड्यावर ठिवली आन् माघारी आलो. कडबा उपसला, समदा बांध उकरला. एकल्यानंच. तीन तास. न्हाय घावला. रिकाम्या हातानं गेलो तर..." तो थांबला. "बाकड्याखाली लई रगत व्हतं."

नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार अनसूयाला आठवली. बांधापलीकडे हा एकटा माणूस फावड्याने माती उपसत होता. बांध कोरायलाय बघा, म्हणून तिनेच नवऱ्याला हाक मारली होती. संध्याकाळी कौसल्या गेल्याचं कळलं. सगळी आळी मातीला गेली, आणि अनसूया अंगणात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती.

"आज शिवशंकरचा हात बगितला," हिंमतराव सांगत होता. "कौसीचा पाय आसाच सुजला व्हता. म्हनलं ह्यो त्योच साप. तुमी जीपमदी बसलाव, म्या गंज हुडकली. न्हाय घावला. म्हनलं ह्या बारीला रिकाम्या हातानं जायाचं न्हाय. डोस्कं ठेचलं, वळकू येऊ नये म्हनून. डॉक्टर पोरगा हाय, सुई देईल. सिदू आसंल तिथं, हे ध्यानातच आलं न्हाय."

"मग सिदूनं वळकल्यावर तरी सांगायचं."

"सांगितलं की. सुई द्या म्हनलं. आनि काय सांगू? साप न्हाय म्हनलो आसतो तर परत जा म्हनले आसते." त्याने पाटीवरून हात काढून घेतला. "ही पाटी तवा न्हवती कुठं. का व्हती, आन् म्याच वाचली न्हाय, देव जाने."

अनसूयाला बोलायचं होतं. पण नऊ वर्षांपूर्वीचं काय बोलायचं हे कळत नव्हतं. ती नळावर गेली, तोंडावर पाणी मारलं, आणि तशीच आत निघून गेली.

दुपार कशीबशी सरली. सूज कोपरापर्यंत आली आणि तिथे थांबली. चारच्या सुमाराला हिरड्यांतलं रक्त कमी झालं, साडेचारला थांबलं. टॉवेलाची घडी उलटून उलटून अनसूया बघत होती. शिवशंकरला झोप लागली होती. बाहेरच्या बाकावर तोंड फिरवून बसलेला हिंमतराव खिडकीतून दिसत होता. तो जेवला नव्हता, आणि घरीही गेला नव्हता.

पाच वाजता रुबिना ट्रे घेऊन आली. नळ्यांचं पाकीट तिने सगळ्यांदेखत फोडलं, सिदूच्या तर अगदी नाकासमोर. शिवशंकरचं रक्त काढून पहिली नळी स्टँडमध्ये लावली. टोचलेल्या जागी कापूस दाबून धरला आणि दुसरी सुई हातात घेतली.

"मावशी, या. शेजारी ठेवायला तुमचं पाहिजे परत."

अनसूयाने हात पुढे केला नाही.

"ह्या बारीला दादांचं घ्या," ती म्हणाली.

"कुणाचं?"

ती उठून खिडकीशी गेली. "दादा," तिने हाक मारली. आवाज फुटला नाही, म्हणून गज धरून पुन्हा एकदा मारली.

हिंमतराव आत आला. त्याने बाही वर सारली, पण ती पुन्हा पुन्हा खाली येत होती. अनसूयाने ती दंडावर घट्ट धरली. रुबिनाने रक्त घेतलं, चिठ्ठीवर नाव लिहिलं, आणि नळी शिवशंकरच्या नळीला लागून उभी केली.

मग अनसूया, हिंमतराव आणि रुबिना टेबलापासून जरा लांब सरकून बसली. वीस मिनिटं कुणी धक्का लावायचा नव्हता.